पापिरेतोचं खोटं वळण

पालेर्मो, ९ सप्टेंबर १९५९

गास्पारे,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. दुसरा कागद घ्यायचा कंटाळा आला, म्हणून ती खोडाखोड तुला दिसतेय. दिसू दे.

सहा वर्षांनी लिहितेय तर आधी खुशाली विचारायला हवी. नाही विचारत. आज सकाळी सरकारी कचेरीचा माणूस आपल्या दारावर नोटीस चिकटवून गेला. दोरवाल्यांच्या गल्लीतली सम नंबरांची बाजू, दोन ते अठरा, महिन्याभरात रिकामी करा. का, तर म्हणे घरांखाली बुजलेली नदी आहे आणि जमीन कधीही खचेल. खाली अहवाल देणाऱ्याचं नाव: इंजिनिअर गास्पारे स्कालिया, तूरिन.

मी तीनदा वाचलं. मागून वेनेराकाकू मान उंच करून विचारतायत, “अगं निंफा, हा आपला गास्पारे का? विहिरीत डोकावायला सांगितलं की भोकाड पसरायचा तो?” मी म्हटलं, “छे हो काकू, असेल दुसरा कुणी.” चक्क खोटं बोलले. तुझी लाज मला वाटली, कारण तुला ती वाटण्याची शक्यता दिसत नाही.

अरे, चौदा नंबरात जन्मलास तू! तुझ्या खाली नदी होती? आपल्या तळघरात आई वर्षाचं पीठ भरून ठेवायची, त्याला कधी बुरशी धरली नाही. कोरडा ठणठणीत कातळ आहे तो. आणि गल्लीच्या बाजूच्या कोपऱ्यात त्या कातळात कोरलेल्या पाच पायऱ्या आहेत, ज्या कुठेच उतरत नाहीत, भिंतीत घुसतात. बाबा म्हणायचे, फिनिशियन लोकांच्या होड्या इथे लागायच्या, इथे शहर संपायचं आणि पाणी सुरू व्हायचं. तू त्या पायऱ्यांवर बसून अंजिरं खायचास.

इथल्या कुठल्याही पोराला विचार. दोन नद्या, मध्ये समुद्रात घुसलेली कातळाची जीभ, त्या जिभेवर पहिलं शहर. जिभेच्या मधोमध कास्सारोचा रस्ता, राजवाड्यापासून थेट समुद्राकडे. दक्षिणेला केमोनिया, उत्तरेला पापिरेतो. दोन्ही बुजवल्या, वर घरं बांधली, आणि लोक विसरले. पण बायका विसरत नाहीत, कारण पीठ त्यांना साठवायचं असतं. गल्लीची आपली बाजू म्हणजे जिभेची शेवटची कड. समोरची विषम नंबरांची बाजू सगळी भरावावर. तिथे कुणी आजपर्यंत तळघरात कांदा ठेवला नाही, आठवड्यात सडतो. आणि त्या बाजूला सात नंबरात सिस्टर ओलिवाची बालवाडी आहे. एकतीस मुलं. तुझ्या अहवालात ती बाजू ‘भक्कम’ आहे म्हणे!

हे लिहायच्या आधी येऊन बघितलंस का तू? आला असतास तर गल्लीला कळलं असतं. तूरिनला टेबलाशी बसून तू इथली नदी त्या बाजूची या बाजूला केलीस. आधी उत्तर दे, मग मी खुशाली विचारीन.

निंफा

---

पालेर्मो, २१ सप्टेंबर

गास्पारे,

उत्तर मिळालं. टाइप केलेलं, वर तुझ्या कचेरीचा शिक्का. सख्ख्या बहिणीला ‘महोदया’ लिहिलं नाहीस एवढी मेहेरबानी.

सोबत तो छापील लेख पाठवलास ते बरं केलंस. ‘पापिरेतो नदीचं एक अज्ञात वळण.’ मी शिवणयंत्र बंद ठेवून अख्खा वाचला. कळला नाही असं समजू नकोस, सगळा कळला. आजवरचे विद्वान चुकले. नदी सरळ गेली नाही, आपल्या गल्लीपाशी तिने दक्षिणेला मुरड घातली. म्हणून फिनिशियनांच्या शहराची कड लोक समजतात त्याच्या एक रांग आत होती. टाळ्या! मग मी पान उलटलं आणि नकाशाचा फोटो बघितला.

गास्पारे, तो आईचा कटिंगचा कागद आहे, बाबांनी नकाशा काढलेला. वरच्या कोपऱ्यात यंत्राच्या तेलाचा डाग आहे, तोही छापलाय त्यांनी. आणि खाली तू काय लिहिलंस? ‘एका अनामिक हाताने काढलेला नकाशा.’

अनामिक! बाबांच्या त्या हाताला तीन बोटं होती, दोन विहिरीच्या रहाटात गेली होती. त्या हाताने तुला शिकवलं. बाबांना माती देऊन आलो त्या संध्याकाळी तू म्हणालास, “ताई, आठवण म्हणून ती नकाशाची पत्र्याची नळी नेऊ का?” मला वाटलं, पोरगा हळवा झालाय. मी नळी फडक्याने पुसून तुझ्या हातात दिली. सकाळी उठून बघते तर तू गेलेला. आणि सासरी सांगितलंस, वडील पाणीखात्यात अधिकारी होते! तिकडे कामाला गेलेल्या आपल्या गल्लीतल्या आगाताने येऊन सांगितलं मला. विहिरी उपसायचे बाबा. चाळीस वर्षं. कमरेला दोर बांधून खाली उतरायचे, आणि खालून जुन्या भुयारी पाटांतून उताणे सरपटत जायचे. याची तुला लाज. नकाशाची मात्र नाही.

आता एकच सांगते. बाबांना वाचता येत नव्हतं, पण पाणी कुठे आहे हे त्यांना चुकून चुकायचं नाही. नदी आपल्या बाजूला आहे असं त्यांनी काढलं असेल हे मी मानणार नाही, मेले तरी. कुठेतरी काहीतरी बिघडलंय. तू शोध. विद्वान तू आहेस.

निंफा

---

पालेर्मो, २ ऑक्टोबर

गास्पारे,

तुला शोधायला वेळ नसेल म्हणून मीच शोधलं.

काल सोफियाच्या लग्नाच्या झग्याचं माप घेत होते. झगा उलटा घालायला लावला होता, आतून टाचण्या लावायच्या होत्या. ती आरशासमोर फिरली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिला तसंच टाचण्यांत सोडून मी तुझा लेख आणला आणि आरशासमोर धरला. अक्षरं उलटी झाली, पण नदी बरोबर जागेवर गेली. गल्लीच्या पलीकडे, विषम बाजूखाली, बालवाडीच्या अंगणाखालून सरळ समुद्राकडे. तुझं अज्ञात वळण गायब!

बाबा नकाशा कसा बघायचे, आठवतं? नाही आठवायचं, तू तेव्हा कानात बोळे घालून अभ्यास करायचास. ते कागद टेबलावर ठेवत नसत. डोक्यावर धरायचे, दोन्ही हातांनी, आणि मान वर करून बघायचे. आई ओरडायची, “छताला कागद चिकटवताय का आता?” अरे, बाबांनी शहर कधी वरून बघितलंच नाही. ते खाली उताणे पडलेले, वर विहिरींची तोंडं, त्यातून दिसणारं आभाळ. जसं खालून दिसलं तसं काढलं. शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर कापडाची आतली बाजू आहे ती. तू ती बाहेरची समजून झगा शिवलास. एकदा, फक्त एकदा बाबांबरोबर खाली उतरला असतास तर ही चूक झाली नसती!

मी आज कचेरीत गेले. बुशेमी नावाचा कारकून आहे, कानामागे पेन्सिल. त्याला आरसा दाखवला.

“बाई,” तो म्हणाला, “हा आरसा सरकारी नाही.”

“नदी तरी सरकारी आहे ना? ती बालवाडीखाली आहे. पोरं आहेत तिथे.”

“इंजिनिअरने लिहिलंय ती बाजू भक्कम आहे. म्हणून तर तुम्हा सगळ्यांची सोय आम्ही तिथेच केलीय.”

“कुठे?”

“बालवाडीच्या वरच्या मजल्यावर. नऊ कुटुंबं, सामानासकट. पंधरा तारखेला.”

ऐकलंस, गास्पारे? कातळावरून उठवून आम्हाला नदीच्या डोक्यावर बसवणार, आणि आमच्या पलंगांचं, कपाटांचं ओझं त्या पोरांच्या डोक्यावर! मी म्हटलं, हे थांबवायला काय लागेल? तो म्हणाला, “ज्याची सही, त्यानेच मागे घ्यायची. दुसऱ्या कुणाचं काम नाही.”

म्हणून तुला सांगतेय. तीन ओळी लिही: नकाशा उलटा वाचला गेला, वस्तीला धोका समोरच्या बाजूला आहे, बालवाडी ताबडतोब हलवा. आजच्या टपालाने. लेखाचं काय ते नंतर बघ.

निंफा

---

पालेर्मो, ११ ऑक्टोबर, रविवार

गास्पारे,

तुझं पत्र काल आलं. चार वाक्यं. नकाशावर समुद्र, राजवाडा, दोरवाल्यांची गल्ली ही नावं सगळी सरळ लिहिलेली आहेत. ती अक्षरं ज्या बाजूने वाचता येतात तीच नकाशाची दर्शनी बाजू. नकाशा उलटा असल्याचा कुठलाही पुरावा नाही. कृपया हा पत्रव्यवहार थांबवावा.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्या रागाने नाही.

आज प्रार्थनेनंतर मी सात नंबरात गेले. सिस्टर ओलिवाने मला अंगणातली फरशी दाखवली. तिथे पोरांनी उडी मारली की आवाज पोकळ येतो, म्हणून पोरांचा तो आवडता खेळ झालाय. भिंतीला तडा गेलाय, त्यात माझं बोट जातं. सिस्टर म्हणाली, “तुझा भाऊ मोठा माणूस आहे ना गं, तो म्हणतो भक्कम आहे, मग असेल.” मी तिथून पळून आले.

आता ऐक. मागच्या पत्रात मी तुला सगळं सांगितलं, एक सोडून. आणि ते मुद्दाम सोडलं.

बाबांना लिहिता येत नव्हतं. मग नकाशावर नावं कुणी लिहिली? मी. अकरा वर्षांची होते. संत रोझालियाच्या जत्रेचा दिवस होता, बाहेर मिरवणुकीचा रथ निघत होता, आणि बाबांनी मला धरून बसवलं. म्हणाले, “निंफा, कागद उलटा कर आणि मागून नावं लिही. मी खालून बघतो, पण वाचणारी माणसं वर असतात. त्यांना मागूनच बघायचंय.” मी हो म्हटलं. लक्ष सगळं बाहेरच्या ढोलाकडे. भराभर लिहून टाकलं, समोरून, चित्र होतं त्याच बाजूने. लिहून झाल्यावर लक्षात आलं. दुसरा कागद नव्हता, आणि आई मारेल ही भीती. बाबांनी विचारलं, “मागून लिहिलंस ना?” मी म्हटलं, “हो बाबा.”

कागद पातळ, अक्षरं दोन्हीकडून दिसत होती. सरळ कुठली आणि उलटी कुठली हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “काय सुरेख लिहितेस.” मी धावत रथ बघायला गेले.

तीस वर्षं हे कुणाला बोलले नाही. विसरलेच होते म्हणेन, तर तेही खोटं. त्या दिवशी आरशात अक्षरं उलटी दिसली तेव्हा पहिलं तेच आठवलं, आणि तरी तुला लिहिताना शिव्या तुलाच घातल्या. तू नळी नेलीस, नाव लपवलंस, बघायला आला नाहीस, त्या शिव्या तुझ्याच आहेत, परत घेत नाही. पण वाचण्यातली चूक तुझी नव्हे. मी लिहिलं तसं तू वाचलंस.

सोबत वेगळ्या कागदावर जबानी लिहिलीय. निंफा स्कालिया, शिवणकाम करणारी, वय एकेचाळीस. नावं चुकीच्या बाजूने मी लिहिली. खाली सही. सिस्टर ओलिवा आणि वेनेराकाकू साक्षीदार. काकूंनी वाचलं आणि माझ्याकडे न बघता सही केली, हे फार वाईट होतं. ही जबानी जोड आणि तुझी सही मागे घे. विद्वानांना सांग, एका मूर्ख पोरीने फसवलं. तुझं नाव राहील. पण पंधरा तारखेच्या आत कर, तुझ्या पाया पडते.

निंफा

---

पालेर्मो, ३० ऑक्टोबर

गास्पारे,

वर्तमानपत्रात वाचलं असशील. त्यांनी तीन ओळी छापल्या आणि त्यातल्या दोन चुकीच्या. म्हणून मी सांगते.

पंधरा तारखेला आम्हाला हलवलं. तुझ्याकडून काही नाही. नऊ कुटुंबांचे पलंग त्या जिन्यावरून वर चढताना मी मोजत होते आणि प्रत्येक पलंगाला तुला शिव्या देत होते. आमच्या दारांना लाखेची सीलं लावली. रविवार आणि सोमवार धो धो पाऊस.

मंगळवारी सकाळी सिस्टर ओलिवा वर आली. “निंफा, वर्गाचं दार उघडत नाहीये, चौकट वाकडी झालीय. पोरं अंगणात उभी आहेत.” मी खिडकीतून बघितलं. पोरं त्याच फरशीवर उड्या मारत होती.

मी कात्री घेतली, गल्ली ओलांडली, आणि आपल्या दाराचं सील कापलं. वेनेराकाकू ओरडल्या, “अगं, तुरुंगात घालतील!” मी म्हटलं, “आधी पोरं घाला घरात, मग मला कुठे घालायचं ते घाला.” काकूंनी मग आवाज लावला असा की अख्खा वरचा मजला खाली उतरला. बायका, तान्ही पोरं, आजारी असलेले मेन्नूआजोबा खुर्चीसकट. एकतीसच्या एकतीस मुलं आपल्या तळघरात नेली. ती त्या पाच पायऱ्यांवर दाटीवाटीने बसली. मी कढई चढवली आणि चण्याच्या पिठाच्या वड्या तळल्या, पाव होता घरात.

दुसरा घाणा तळत होते तेव्हा समोरचं अंगण खाली गेलं. मग वर्ग. मग वरच्या मजल्याचा कोपरा, त्यात आमचे पलंग होते. माझं शिवणयंत्र आईचं होतं, ते गेलं. धूळ बसल्यावर आम्ही कडेला जाऊन बघितलं. खाली पाणी होतं, वाहतं पाणी. बाबांनी काढलं होतं तिथेच, तसंच, समुद्राकडे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

आपलं घर? पेल्यातलं पाणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीने माझ्यावर खटला भरला. सरकारी सील तोडलं म्हणून! शुक्रवारी मी गेले बुशेमीकडे भांडायला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याने तुझं पत्र पुढे केलं. सतराला तूरिनहून निघालेलं, एकोणीसला, सोमवारी, त्यांच्या टेबलावर आलेलं, गुरुवारपर्यंत न फोडलेलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, सिस्टर ओलिवाने नंतर मला प्रायश्चित्त घ्यायला लावलं त्याचं.

मग पत्र वाचलं. “नकाशा वीतो स्कालिया, पालेर्मोतले विहिरी उपसणारे, माझे वडील, यांनी काढला. तो अचूक आहे. तो वाचण्यात चूक झाली ती संपूर्ण माझी. मी अहवाल आणि लेख दोन्ही मागे घेतो.” मी बुशेमीला म्हटलं, “आणि सोबतची जबानी?” तो म्हणाला, “कसली जबानी? पाकिटात एवढंच होतं.”

मी तिथल्या बाकावर बसले आणि रडले. बाबांचं नाव टाइप केलेलं मी पहिल्यांदा बघितलं. एका कागदावर ‘विहिरी उपसणारे’ आणि ‘माझे वडील’ शेजारी शेजारी.

पण आगाताचं पत्र आलंय कालच. तुला नोकरीवरून काढलं. विद्वानांनी सभेत तुझी टर उडवली, म्हणे नकाशा सरळ धरता येत नाही आणि शहरं हलवतो. आणि तू तिथे उभा राहून सगळं ऐकून घेतलंस, माझं नाव काढलं नाहीस.

तुला कुणी विचारलं होतं? कुणी सांगितलं होतं तुला मोठेपणा करायला? मी जबानी लिहिली ती तू खिशात घालायला नाही लिहिली! तीस वर्षं ती गोष्ट माझ्या घशात अडकली होती. ती बाहेर काढायला मला काय लागलं ते तुला कळतं का? आणि तू परस्पर ती गिळून मोकळा झालास, वर गप्प. मी इथे गल्लीभर ‘पोरांना वाचवणारी निंफा’ म्हणून मिरवायची, आणि तू तिथे हसं करून घ्यायचंस. हे चालायचं नाही. संताप संताप होतोय माझा.

मी पुढच्या शनिवारी निघतेय. उभ्या आयुष्यात मेस्सिनाच्या पलीकडे गेले नाही, पण येतेय. सोमवारी सकाळी अकराला गाडी तूरिनला पोहोचते. स्टेशनवर ये, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. आणि तो जबानीचा कागद बरोबर आण. मी स्वतः त्या विद्वानांसमोर जाऊन वाचणार आहे. माझी चूक आहे ती, गास्पारे. माझी मला परत दे.

तुझी ताई
निंफा